जोर नेमका कुठे? इटालियन उच्चारांबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांमधली बरीचशी इटालियन शिकणाऱ्यांची आहेत, आणि गंमत म्हणजे व्याकरणाबद्दल कोणाची फारशी तक्रार नाही, सगळ्यांचं घोडं अडलंय ते शब्द तोडायचा कुठे आणि जोर द्यायचा कुठे यावर. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकाला ठेवली. एक सोय आधीच सांगून टाकते. शब्दाचे तुकडे, म्हणजे सिलॅबल, दाखवायला मध्ये आडवी रेघ टाकलीय आणि ज्या तुकड्यावर जोर आहे त्याच्या आधी ' अशी खूण केलीय. म्हणजे मि-'ला-नो असं दिसलं की ला वर जोर. देवनागरीत इटालियनचा प्रत्येक स्वर जसाच्या तसा पकडता येत नाही, पण आपलं काम भागतं.

प्रश्न : आमच्या कोर्सच्या पुस्तकात पास्ता हा शब्द पा-स्ता असा तोडलाय. मी कितीही वेळा बोलून बघितलं तरी तोंडातून पास्-ता असंच येतं. पुस्तक चुकलंय का माझं तोंड? (नुकतीच सुरुवात केलेली वाचक)

उत्तर : दोघंही बरोबर आहात, फक्त दोघं वेगवेगळ्या गोष्टीबद्दल बोलताय. पुस्तक सांगतंय ते लिहिताना ओळ संपली तर शब्द कुठे मोडायचा त्याबद्दल. तिथला नियम असा की एस नंतर दुसरं व्यंजन आलं तर एस पुढच्या तुकड्यात जातो, म्हणून पा-स्ता, फे-स्ता, मो-स्त्रो, ए-स्प्रेस्-सो. त्यामागचा विचार सोपा आहे, स्त, स्प, स्क या जोड्यांनी इटालियनमध्ये शब्द सुरू होऊ शकतो (स्तुदेन्ते, स्पोर्त, स्क्वोला), मग त्यांनी तुकडाही सुरू होऊ शकतो, म्हणून ती जोडी फोडायची नाही.

आता तुमच्या तोंडाकडे येऊ. इटालियनमध्ये जोर असलेला तुकडा स्वरावर संपत असेल, आणि तो शब्दाचा शेवटचा तुकडा नसेल, तर तो स्वर लांबतो. कासा म्हणजे घर, त्यातला पहिला आ चांगला लांब असतो. तुकडा व्यंजनावर संपत असेल तर स्वर आखूडच राहतो. आता खरोखर पा-स्ता असे तुकडे असते तर पहिला आ लांब व्हायला हवा होता, पण इटालियन माणूस पास्ता म्हणतो तेव्हा तो आ आखूड असतो, एस तिथे येऊन दार लावतो. म्हणजे बोलण्यात तो तुकडा पास् असाच आहे आणि उच्चारशास्त्रवाले बरेच जण हेच म्हणतात. अजून एक पुरावा हवा असेल तर आर्टिकल बघा, इल सोले म्हणतात, पण इल स्तुदेन्ते नाही म्हणत, लो स्तुदेन्ते म्हणतात, कारण त्या एसला मागे टेकायला एक स्वर लागतो. तेव्हा कागदावर पा-स्ता आणि तोंडात पास्-ता. परीक्षेत मात्र निमूटपणे पुस्तकाचं ऐका.

बाकीचे नियम पटकन सांगते, ते कठीण नाहीत. दोन स्वरांमध्ये एकटं व्यंजन असेल तर ते पुढे जातं (का-सा, पा-ने). डबल व्यंजन मधून तुटतं (पाल्-ला, नोत्-ते). एल, एम, एन, आर नंतर दुसरं व्यंजन आलं तर तिथे मोडायचं (आल्-तो, काम्-पो, कान्-तो, पार्-ते). पण एल किंवा आर दुसऱ्या नंबरवर असेल, जसं ब्र, द्र, प्ल, तर जोडी एकत्र राहते (ली-ब्रो, मा-द्रे). जे दोन-तीन अक्षरांनी मिळून एकच आवाज लिहितात ते कधीच फोडायचे नाहीत, उदाहरणार्थ सोन्यो मधला न्य, तिथे जी आणि एन दिसत असले तरी आवाज एकच आहे. पाण्याचं आक्-क्वा मात्र सी आणि क्यू च्या मध्ये तुटतं. नेहमीच्या वापरातल्या शब्दांमध्ये डबल क्यू फक्त सोक्-'क्वा-द्रो मध्ये दिसतो, अर्थ उलथापालथ, आणि इटालियन पोरांना डिक्टेशनमध्ये तो मुद्दाम घालतात असा माझा संशय आहे. आणि आर्टिकल तुटून अपॉस्ट्रॉफी आली की उरलेलं व्यंजन पुढच्या स्वराला जाऊन चिकटतं, लो आमिको नाही, ला-'मी-को.

प्रश्न : सरांनी सांगितलं की इटालियनमध्ये उपान्त्य सिलॅबलवर जोर द्यायचा, विषय संपला. मग तावोलो, मूझिका, तेलेफोनो, नापोली हे सगळे पहिल्या किंवा भलत्याच ठिकाणी जोर घेऊन का बसलेत? नियम आहे तरी काय?

उत्तर : सरांनी सांगितलं ते बहुतेक शब्दांना लागू पडतं, म्हणून ते चूक नाही, अपुरं आहे. इटालियन लोक जोराच्या जागेवरून शब्दांना नावं देतात. शेवटच्या तुकड्यावर जोर असेल तर त्रोन्का (चित्-'ता, विर्-'तू), उपान्त्यावर असेल तर प्याना (आ-'मी-को, पा-'रो-ला), शेवटून तिसऱ्यावर असेल तर स्द्रुच्चोला ('ता-वो-लो, 'मू-झि-का), शेवटून चौथ्यावर असेल तर बिस्द्रुच्चोला. स्द्रुच्चोला म्हणजे घसरणारा, आणि ऐकायला तसाच लागतो, जोर एकदा देऊन झाला की उरलेले तुकडे घसरत खाली येतात. प्याना सगळ्यात जास्त, स्द्रुच्चोला त्यांच्या मागोमाग, आणि शिकणाऱ्याची दांडी उडते ती या दोघांच्यातच.

आता नियमाचं बघू, आणि इथे मराठी शाळेत वृत्तं शिकलेल्या माणसाला एक मोठा फायदा आहे. लघु-गुरु आठवतंय ना? दीर्घ स्वर असेल तर गुरु, आणि पुढे जोडाक्षर येऊन मागच्या अक्षरावर आघात आला तरी गुरु. लॅटिनमध्ये जोर ठरायचा तो अगदी याच हिशोबाने. उपान्त्य गुरु असेल तर जोर तिथे, उपान्त्य लघु असेल तर एक घर मागे. इटालियन ही लॅटिनची लेक, तिने जोराच्या जागा बहुतेक आईकडून जशाच्या तशा घेतल्या, पण वाटेत स्वरांचा ऱ्हस्व-दीर्घ हिशोब मात्र हरवून टाकला. सगळा घोळ इथून सुरू होतो. लॅटिन आमीकुस मधली ई दीर्घ होती, म्हणून इटालियनमध्ये आ-'मी-को. मेदिकुस मधली इ ऱ्हस्व होती, म्हणून 'मे-दि-को. आज इटालियन लिपीत दोन्हीकडे तोच एक आय दिसतो, वरून काहीच कळत नाही, आणि आपण मे-'दी-को म्हणून मोकळे होतो.

पण जोडाक्षराचा भाग शिल्लक राहिलाय, आणि तो खूप कामाचा आहे. उपान्त्य तुकडा व्यंजनावर संपत असेल तर जोर जवळजवळ नक्की तिथेच. मो-'मेन्-तो, पेर्-'फेत्-तो, फि-'रेन्-त्से, पा-'लात्-त्सो, डोळे झाकून द्या. फि-'ने-स्त्रा म्हणजे खिडकी, तीही यातच येते, कारण वरच्या उत्तरात सांगितलं तसं बोलण्यात तिथे नेस् असाच तुकडा आहे. म्हणून मी नेहमी म्हणते की जोराचे नियम नंतर, आधी शब्द तोडायला शिका, ज्याला तोडता येतं त्याचे बरेच शब्द तिथेच सुटतात. अपवाद आहेत पण थोडे, 'मान्-दोर्-ला म्हणजे बदाम, आणि दक्षिणेतली दोन गावं, 'ता-रान्-तो आणि 'ओ-त्रान्-तो. हे पाठच करा.

उपान्त्य तुकडा स्वरावर संपत असेल तर मात्र शेपटी बघायची. ओझो, आतो, इनो, त्स्योने या शेपट्या असल्या की उपान्त्यावर. लोगो, ग्राफो, मेत्रो अशा ग्रीक शेपट्या असल्या की एक घर मागे, म्हणजे प्सि-'को-लो-गो, फो-'तो-ग्रा-फो, तेर्-'मो-मे-त्रो. आबिले, इबिले, इस्सिमो हे पण मागेच. इको वाले शब्द बहुतेक मागे जातात ('प्रा-ति-को), पण आमीको, नेमीको, आन्तीको यांसारखी मंडळी वेगळी पडतात, मित्र, शत्रू आणि पुराणा, तिघं एकत्र लक्षात राहतात. आणि गावांच्या नावाला शेपटीबिपटी काही नाही, 'ना-पो-ली, 'जे-नो-वा, 'पा-दो-वा, 'मो-दे-ना, 'रि-मि-नी, 'बेर्-गा-मो, 'ब्रिन्-दि-झी सगळी मागे आणि तो-'री-नो, मि-'ला-नो, आन्-'को-ना पुढे. हे ऐकून ऐकूनच बसतं.

प्रश्न : पार्लानो म्हणताना माझी इटालियन टीचर दर वेळी थांबवते. मी पार्-'ला-नो म्हणते, तिला 'पार्-ला-नो हवंय. पण पार्-'ल्या-मो आणि पार्-'ला-ते मध्ये तर जोर मधेच आहे ना, मग ते लोक बोलतात म्हणताना काय बिघडलं?

उत्तर : टीचरला धन्यवाद द्या, ही चूक वेळेत नाही मोडली तर वर्षानुवर्षं जात नाही. क्रियापदाच्या वर्तमानकाळात मी, तू, तो आणि ते, या चार रूपांची एक टोळी आहे आणि आम्ही-तुम्ही ही दोन रूपं टोळीबाहेर. टोळीतल्या चौघांचा जोर एकाच तुकड्यावर राहतो. 'पार्-लो, 'पार्-ली, 'पार्-ला, म्हणून 'पार्-ला-नो. शेवटी नो येऊन चिकटला म्हणून जोर पुढे सरकत नाही. आम्ही आणि तुम्ही मध्ये मात्र शेपटीच जोर ओढून घेते. त्यामुळे ते वालं रूप बनवताना मनातल्या मनात आधी मी वालं म्हणा आणि मग शेपूट लावा. 'आ-बि-तो, मी राहतो, म्हणून 'आ-बि-ता-नो, ते राहतात, जोर शेवटून चौथ्यावर गेला, जाऊ दे. ते-'ले-फो-नो, मी फोन करतो, म्हणून ते-'ले-फो-ना-नो. मगाशी बिस्द्रुच्चोला म्हटलं ते हेच.

चिकटणाऱ्या सर्वनामांचंही तसंच आहे. 'पोर्-ता म्हणजे आण, 'पोर्-ता-मी मला आण, 'पोर्-ता-मे-लो ते मला आण, मागे कितीही डबे जोडा, इंजिन जागचं हलत नाही.

आणि चुकलं तर खरंच अर्थ बदलतो बरं का, नुसतं कानाला खटकतं असं नाही. 'पार्-लो म्हणजे मी बोलतो, पार्-'लो म्हणजे तो बोलला, माणूसही बदलला आणि काळही. माझं सगळ्यात लाडकं उदाहरण म्हणजे कापितानो. का-पि-'ता-नो म्हणजे कॅप्टन, 'का-पि-ता-नो म्हणजे घडतात, आणि शेवटच्या स्वरावर जोर देऊन का-पि-ता-'नो म्हटलं तर त्याने नेतृत्व केलं.

जाता जाता एरे वाल्या क्रियापदांबद्दल, कारण याच पत्रात तळाशी तेही विचारलंय. आरे आणि इरे वाली सगळी उपान्त्यावर, तिथे प्रश्न नाही. एरे मध्ये दोन गट, वे-'दे-रे (बघणं), सा-'पे-रे (माहीत असणं) असा एक आणि 'प्रेन्-दे-रे (घेणं), 'लेज्-जे-रे (वाचणं), 'स्क्री-वे-रे (लिहिणं) असा दुसरा. दुसरा गट मोठा आहे. म्हणून नवीन शब्द भेटला आणि खात्री नसेल तर मागे जोर देऊन बघा, जिंकण्याची शक्यता जास्त. त्यातही लेज्जेरे सांभाळा, लेज्-'जे-रे असा जोर पुढे गेला तर ते वाचणं राहत नाही, हलक्या वजनाच्या (अनेकवचनी, स्त्रीलिंगी) असा अर्थ होतो.

प्रश्न : मारिओ आणि मारिया, दोन्हीकडे आय नंतर स्वर आहे. मग एक दोन तुकड्यांचं आणि दुसरं तीन तुकड्यांचं कसं? लुचिया आणि फ्रान्चाचं पण तसंच.

उत्तर : आ, ए, ओ हे तगडे स्वर आणि इ, उ हे लवचिक, एवढं धरून चाला. दोन तगडे शेजारी आले तर वेगळेच राहतात, पा-'ए-से, पो-'ए-ता, ले-'ओ-ने. लवचिक इ किंवा उ जोराशिवाय आला तर शेजारच्यात विरघळून जातो, मराठी कानाला तो य किंवा व च वाटतो, 'प्या-नो, 'वो-मो. म्हणून 'मा-र्यो, दोन तुकडे. पण त्याच इ वर जोर आला की तो उठून उभा राहतो आणि स्वतःचा तुकडा मागतो, मा-'री-आ, तीन तुकडे. पा-'ऊ-रा (भीती), 'त्सी-ओ (काका, मामा सगळेच) हे असेच. म्हणजे इथे उलटं आहे, जोर माहीत असल्याशिवाय तुकडे पाडता येत नाहीत.

लुचियाच्या भानगडीत अजून एक गोष्ट मिसळली आहे. सी किंवा जी नंतर आय येतो तो पुष्कळदा नुसता च किंवा ज चा आवाज दाखवायला येतो, स्वतः बोलत नाही. 'फ्रान्-चा, जो-'वान्-नी, का-'मी-चा (शर्ट), इथे आय गप्प आहे. लु-'ची-आ, फार्-मा-'ची-आ, बु-'जी-आ (थाप), इथे आय वर जोर आहे म्हणून तो ऐकू येतो. लिहिलेल्यावरून फरक कळत नाही, त्यामुळे फार्-'मा-चा म्हणणारे खूप भेटतात, आणि मेडिकलचं दुकान शोधायची वेळ शक्यतो घाईचीच असते, तेव्हा हा एक शब्द तरी पक्का करून ठेवा.

प्रश्न : लिहिताना ॲक्सेंट कधी द्यायचा? पेर्के वर उजवीकडे चढणारी रेघ आहे आणि काफ्फे वर डावीकडून उतरणारी. मी आतापर्यंत मिळेल ती देतोय.

उत्तर : मिळेल ती देणाऱ्यांमध्ये बरेच इटालियनही आहेत, लाजू नका. सक्तीचा नियम असा की एकाहून जास्त तुकड्यांच्या शब्दात शेवटच्या स्वरावर जोर असेल तर खूण द्यायचीच. चित्ता, पेर्के, पार्लेरो सगळ्यांना. एका तुकड्याच्या शब्दांना नाही, फक्त जिथे दुसऱ्या शब्दाशी गोंधळ होतो तिथे, म्हणजे ए (आहे) ला खूण आणि ए (आणि) ला नाही, सी (हो) ला आहे आणि सी (स्वतःला) ला नाही. शिवाय जा (आधीच), प्यु (जास्त), प्वो (करू शकतो) यांनाही, कारण लिहिताना दोन स्वर दिसतात. त्रे म्हणजे तीन बिनखुणेचा, पण वेन्ति-'त्रे, तेवीस, यावर खूण येते. मला हा नियम फार आवडतो, एकटा असताना गरज नाही आणि जोडशब्दात शेवटी गेला की टोपी घालायची.

दिशेबद्दल म्हणाल तर आ, ओ, इ, उ वर साधारण डावीकडून उतरणारीच द्या. निवड फक्त ए वर करायची. तोंड कमी उघडणारा, आपल्या ए सारखा असेल तर चढणारी, म्हणून पेर्के, ने, से, वेन्तित्रे. तोंड जास्त उघडणारा, ॲ कडे झुकलेला असेल तर उतरणारी, म्हणून काफ्फे, चोए, ते (चहा) आणि आहे या अर्थाचा ए. के ने संपणारे पेर्के, पोइके यांच्या डोक्यावर चढणारी, एवढं लक्षात ठेवलं तरी बऱ्याच चुका टळतात. वाक्याच्या सुरुवातीला कॅपिटल ए वर खुणेऐवजी बाजूला अपॉस्ट्रॉफी टाकलेली दिसते, ती इटालियन कीबोर्डवर तो कॅपिटल सरळ मिळत नाही म्हणून, छापील मजकुरात तसं करू नये. आणि उन पो, थोडंसं, यात खूण नाही, अपॉस्ट्रॉफीच आहे, कारण तो पोको मधला को उडालेला आहे, हे इटालियन लोकांनाही कितीदा सांगून झालंय.

प्रश्न : माझा इटालियन कलीग 'रू-ब्रि-का म्हणतो, ॲपमध्ये रु-'ब्री-का ऐकू येतं. त्यांची मातृभाषा आहे म्हणजे त्याचंच बरोबर ना?

उत्तर : यात ॲप जिंकलं, रु-'ब्री-का च. फोनमधली नंबरांची वही म्हणजे रुब्रीका, आणि मासिकातलं हे तुम्ही वाचताय तसं नेहमीचं सदरही रुब्रीकाच, त्यामुळे माझा या शब्दावर जरा जास्त हक्क आहे. कलीगला वाईट वाटायचं कारण नाही, खुणा लिहायच्या नाहीत म्हटल्यावर पुस्तकातून भेटलेल्या शब्दांत मातृभाषिकही अडखळतात, आणि इको-इका वाले शब्द बहुतेक मागे जोर घेतात म्हणून हाही तिकडे ढकलला जातो. अशी यादी बरीच आहे. ए-'दी-ले (बांधकामाचा) ला 'ए-दि-ले म्हणतात, सा-'लू-ब्रे ला 'सा-लु-ब्रे म्हणतात. ग्रा-'तुइ-तो म्हणजे फुकट, यात उइ हा एकच तुकडा आहे आणि जोर उ वर, पण ग्रा-तु-'ई-तो असं चार तुकड्यांचं पण ऐकू येतं. ईशान्येकडच्या 'ऊ-दि-ने शहराला बाहेरचे लोक उ-'दी-ने करून टाकतात, आणि ते ज्या प्रदेशात आहे त्या फ्रि-'ऊ-ली ला 'फ्री-उ-ली. सार्डिनियातलं 'नू-ओ-रो तर बिचारं नेहमीच नु-'ओ-रो होतं.

भांडण मिटवायचं असेल तर दोन दारं आहेत. एक, फिरेन्त्सेची आक्कादेमिआ देल्ला क्रुस्का, १५८३ पासून भाषेचं काम करणारी संस्था, तिथे लोक आजही असले प्रश्न पाठवतात आणि सविस्तर उत्तरं मिळतात. दुसरं, राई या सरकारी रेडिओ-टीव्हीने १९६९ मध्ये काढलेली उच्चारांची डिक्शनरी, जी आता ऑनलाइन बघता येते. कलीगशी पैज लावण्याआधी तिथे डोकावून या. काही शब्दांत दोन्ही जोर चालतात असंही निघतं, मग चहाचे पैसे कोणी द्यायचे ते तुमचं तुम्ही ठरवा.

प्रश्न : मी इटालियन गाणी शिकते. नोटेशनमध्ये कधीकधी दोन शब्दांचे स्वर एकाच सुराखाली कोंबलेले असतात. छपाईची चूक समजू का?

उत्तर : नाही हो, ती सिनालेफे. एक शब्द स्वरावर संपला आणि पुढचा स्वराने सुरू झाला तर कवितेत दोन्ही मिळून एकच तुकडा धरतात. दोन्ही स्वर म्हणायचे, गिळायचे नाहीत, पण एका ठोक्यात. इटालियन कवितेत ओळीची लांबी अशा तुकड्यांवरच मोजली जाते. सगळ्यात मानाची ओळ म्हणजे एन्देकासिल्लाबो, अकरा तुकड्यांची, पण तिथे खरं बंधन आहे ते शेवटचा जोर दहाव्यावर पडायला हवा हे. ओळ प्याना शब्दाने संपली तर अकरा होतात, त्रोन्काने संपली तर दहाच, स्द्रुच्चोलाने संपली तर बारा, आणि तिन्ही ओळी तितक्याच लांबीच्या धरल्या जातात. गाताना लांब सूर बहुतेक त्या शेवटच्या जोरावर येतो, तेव्हा ओळ हातात आली की आधी तो तुकडा पेन्सिलने घेरून ठेवा.

प्रश्न : जोर बरोबर देऊनही माझ्या आन्नी ला लोक हसले. मी फक्त वय सांगत होतो!

उत्तर : एन एकच म्हटला असणार. 'आन्-नी म्हणजे वर्षं. 'आ-नी म्हणजे शरीराचा जो भाग आहे तो तुमच्याकडे वीस आहेत असं सांगितलंत, हसतील नाही तर काय. डबल व्यंजन म्हणजे जरा जोरात म्हणायचं व्यंजन नव्हे, त्याच्यावर थांबायचं. 'फा-तो (नशीब) मध्ये आ लांब, त झटकन. 'फात्-तो (केलेलं) मध्ये आ आखूड आणि जीभ दातांवर टेकवून क्षणभर थांबायचं, मग सोडायची. आपण पत्ता आणि पता, गल्ली आणि गली यांत हेच करतो, त्यामुळे मराठी माणसाला हे खरं तर सोपं जायला हवं, घोटाळा होतो तो इंग्रजीतून इटालियन शिकल्यामुळे, इंग्रजीत डबल अक्षरं नुसती दिसायला असतात. त आणि द सुद्धा आपले दातांवरचेच वापरा, ट-ड नको. आणि पीत्सा मधला त्स म्हणजे आपल्या चांगला मधला च, तो झ करू नका, 'ग्रात्-त्स्ये ला ग्राझी म्हणणं तर आता पुरे झालं.

याच पत्रातली पुढची शंका, घरी म्हणताना आ कासा लिहितात पण रोममध्ये आक्कासा ऐकू येतं. बरोबर ऐकलंत. आ सारखे काही छोटे शब्द आणि शेवटी जोर असलेले शब्द पुढच्या व्यंजनाला डबल करतात, मध्य आणि दक्षिण इटलीत हे ठणठणीत ऐकू येतं, उत्तरेत बहुतेक नाही. दोन शब्द जोडून एक झाले तिथे ते लिपीतही उतरलंय, दा आणि वेरो मिळून दाव्-'वे-रो (खरंच). उत्तरेच्या टीचरकडे शिकत असाल तर आ कासा साधंच म्हणा, कोणी नावं ठेवणार नाही.

प्रश्न : डिक्शनरीत तावोलो च्या पहिल्या आ वर खूण आहे. मी निबंधात तशीच दिली तर टीचरने लाल केलं.

उत्तर : ती खूण फक्त वाचणाऱ्यासाठी असते. डिक्शनरीत सगळ्याच शब्दांना जोराची जागा दाखवलेली असते, लिहिताना मात्र सक्ती फक्त शेवटच्या स्वराची. मधल्या स्वरावर खूण चालते ती अर्थाचा घोळ होणार असेल तेव्हाच, जसं 'प्रिन्-चि-पी (राजपुत्र) आणि प्रिन्-'ची-पी (तत्त्वं), किंवा 'आन्-को-रा (जहाजाचा नांगर) आणि आन्-'को-रा (अजून), आणि तिथेही बरेच लोक देत नाहीत, वाक्यावरून कळतंच. स्वतःच्या वहीत मात्र नवीन शब्द खुणेसकटच उतरवून घ्या, वेगळ्या रंगाने, म्हणजे निबंधात चुकून उतरणार नाही.